कायद्याने शेतकरी

कायद्याने मी शेतकरी आहे. नांगराची मूठ हातात धरल्याचं मला आठवत नाही. तरवा काढणाऱ्या वाकलेल्या माणसांकडे बघत बांधावर उभं राहायचं, एवढाच माझा शेतीशी संबंध. नोकरी मुंबईत झाली, निवृत्तीनंतर कुडाळजवळच्या गावी परत आलो. पण सातबारावर, भल्यामोठ्या सामाईक खात्यात, कुठेतरी मधोमध माझं नाव आहे आणि तेवढ्या जोरावर मी महाराष्ट्रात कुठेही शेतजमीन विकत घेऊ शकतो. आमची लावणी दरवर्षी जे कुटुंब मजुरीवर करतं, त्यांच्या नावावर गुंठाही नाही. उद्या त्यांनी पैसे साठवून भातशेतीचा एखादा कुणगा घ्यायचा म्हटला, तर कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं: आधी आपण शेतमजूर आहोत हे सिद्ध करा. जो शेतकरीही नाही आणि शेतमजूरही नाही त्याला शेतजमीन विकता येत नाही, विकायची तर परवानगी आणा.

याच कायद्यात ‘जातीने कसणे’ म्हणजे काय तेही लिहिलेलं आहे. स्वतःच्या किंवा घरच्या माणसाच्या देखरेखीखाली मजूर लावून कसली, तरी ती जातीनेच कसलेली. विधवा, अज्ञान मूल, अपंग माणूस आणि सैन्यातला जवान यांना त्याहून सवलत. त्यांनी नोकरांकडून किंवा मजुरांकडून करून घेतलेली शेती त्यांनी जातीने कसली असं मानायचं, देखरेखीचीही अट नाही. म्हणजे लडाखच्या बर्फात पहाऱ्यावर असलेला आमच्या पलीकडच्या वाडीतला शिपाई, कायद्याच्या नजरेत त्याच वेळी इथे गुडघाभर चिखलात भात लावत असतो.

यात कुणालाही काही खोटं वाटत नाही. ‘हा कसला शेतकरी, हा तर शिपाई,’ असं म्हणत कुणी तलाठ्याकडे गेलेलं नाही. कारण व्याख्या कशासाठी केली ते सगळ्यांना माहीत आहे: पोरगा सीमेवर असताना त्याच्या मागे जमीन जाऊ नये.

म्हणूनच 2025 च्या एप्रिलमध्ये आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका वेगळ्याच व्याख्येवरून जी धुळवड झाली, तिचं मला नवल वाटलं. 16 एप्रिल 2025 ला लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तिथल्या 2010 च्या समानता कायद्यात ‘स्त्री’ म्हणजे जन्माने स्त्री, असा पाचही न्यायमूर्तींचा एकमुखी अर्थ. दुसऱ्या दिवशी सकाळी दादरच्या एका पुतण्याने तो टाकला आणि खाली लिहिलं, ‘आता तरी कळलं का बाई कोण ते.’ मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग. लंडनच्या कोर्टाशी आमच्या भावकीचा संबंध काय, तर काही नाही. ज्यांनी आयुष्यात मुंबईचं कोर्ट आतून पाहिलं नाही तेही हसत होते. संध्याकाळी एक नंबर ग्रुपमधून बाहेर पडला. तो कुणाचा हे सगळ्यांनी वाचलं आणि कुणी काही लिहिलं नाही.

तो नंबर माझ्या चुलतभावाच्या धाकट्या लेकीचा. गावाने तिला मुलगा म्हणून वाढवलं. पुढे ती नालासोपाऱ्याला राहायला गेली, एका कुरिअरच्या गोदामात बिलं करते, गणपतीला न चुकता येते. गावात तिला जुन्या नावाने हाक मारणारे आहेत, नव्या नावाने मारणारे थोडे आहेत, आणि बाकीचे नाव घ्यायची वेळच येऊ देत नाहीत. ‘कधी इलंस?’ एवढं विचारून ते मोकळे होतात.

मला सवय आहे, बातमी आली की मूळ कागद शोधायचा. विमा कंपनीत जन्म गेला. पॉलिसीच्या मागच्या पानावर काय असतं ते मला माहीत आहे. लंडनचा निकाल वाचला तेव्हा त्याचं मूळ एका स्कॉटिश कायद्यात सापडलं. 2018 च्या त्या कायद्याने ठरवलं होतं की सरकारी मंडळांवर निम्म्या जागी स्त्रिया असाव्यात. स्त्री म्हणून जगणाऱ्या, तसा सरकारी दाखला हातात असलेल्या ट्रान्स बाईला त्या निम्म्यात धरायचं का, इथून भांडण सुरू झालं. न्यायालय म्हणालं, समानता कायद्यापुरतं बोलायचं तर नाही. त्याच निकालात पुढे असंही आहे की लिंगबदल केलेल्या किंवा करू पाहणाऱ्या माणसांना त्याच कायद्यात वेगळं संरक्षण आहे आणि ते कायम आहे. हसणाऱ्यांपैकी कुणी त्या पानापर्यंत गेलं असेल असं वाटत नाही.

राखीव जागेचा हाच प्रश्न जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक नावाच्या गावात त्याआधी सुटला होता. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, अंजली पाटील यांनी महिला राखीव प्रभागातून अर्ज भरला. छाननीत निवडणूक अधिकाऱ्याने तो बाद केला, कारण उमेदवार तृतीयपंथी. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी 2021 च्या सुरुवातीलाच न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारायला सांगितला. आपण स्त्री ही ओळख आयुष्यभरासाठी निवडली आहे, सोयीप्रमाणे ती बदलणार नाही, असं त्यांनी न्यायालयाला सांगितलं होतं आणि न्यायालयाने ते मानलं. मतदान 15 जानेवारीला झालं आणि त्या निवडून आल्या. इंग्लंडमध्ये वकिलांच्या पिढ्या झिजल्या, इथे गावाने मत देऊन मोकळं केलं.

या दोहोंत मला घुगे यांचा निकाल पटतो. पण लंडनच्या निकालामागे जी काळजी आहे ती निव्वळ द्वेषाची आहे, असं म्हणायची माझी तयारी नाही. ती काळजी आमच्याच घरात राहते.

आमच्या थोरल्या वहिनी सरपंच होत्या. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आल्या, त्या लाटेत. पहिली दोन वर्षं कशी गेली ते त्या एका वाक्यात सांगतात: ‘सही माझी, कारभार तुझ्या भावाचो.’ ग्रामसभेत दादा पुढच्या रांगेत बसायचे, अधिकारी प्रश्न वहिनींना विचारायचे आणि उत्तर दादांकडून घ्यायचे. तिसऱ्या वर्षी नळपाणी योजनेच्या बिलावर वहिनींनी सही करायचं नाकारलं, आणि त्या दिवसापासून त्या खऱ्या सरपंच झाल्या. घरात महिनाभर चूल पेटली की भांडण पेटायचं, तो भाग वेगळा. अशा बाईला तुम्ही सांगायला गेलात की महिला म्हणजे कोण हे ज्याचं त्याने ठरवावं, तर ती आधी विचारणार, आमची ती खुर्ची परत कुणाच्या बुडाखाली जाणार? हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. ज्यांनी बायकोच्या नावावर पाच-पाच वर्षं राज्य केलं अशा पुरुषांना तिने बघितलंय.

फक्त, त्या पुरुषांपैकी एकानेही राखीव जागेसाठी साडी नेसल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. त्यांना तशी गरजच पडली नाही, घरात बायको होती. राखीव खुर्ची पळवायचा रस्ता आपल्याकडे फार जुना, फार रुंद आणि पूर्ण कायदेशीर आहे. व्याख्या घट्ट करून तो बंद होत नाही.

मला खरी अडचण दिसते ती व्याख्येच्या शब्दांपेक्षा शिक्क्याची. व्याख्या आली की ती तपासणारा आला, तपासणारा आला की टेबल आलं, आणि टेबल आलं की रांग. या रांगेत पुतण्या उभा राहत नाही.

तपासायची पद्धत आपल्याला इंग्रजाने शिकवली. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आपण ऐकलेला असतो तो भटक्या जमातींमुळे, पण त्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता. त्यात व्याख्या होती: जो पुरुष स्वतः कबूल करतो, किंवा वैद्यकीय तपासणीत जो स्पष्टपणे नपुंसक दिसतो, तो. संशयितांचं रजिस्टर ठेवायचं. नोंद झालेल्याने रस्त्यावर बायकी कपडे किंवा दागिने घालायचे नाहीत, लोकांसमोर नाचगाणं करायचं नाही, दत्तक घ्यायचं नाही, मृत्युपत्र करायचं नाही. तो भाग तेव्हा उत्तरेतल्या प्रांतांना लावला होता. आमच्या बाजूच्या दशावतारात कार्तिकापासून रात्र-रात्र द्रौपदी नि मंदोदरी उभी करणारे पुरुष त्यातून सुटले.

दशावताराचं नाव निघालं म्हणून सांगतो. ‘कोकणात असला भेदभाव कधीच नव्हता, आमच्याकडे शिमग्यात राधा नाचते,’ असं अभिमानाने सांगणारे मला भेटतात. राधा नाचते, खरं आहे. तिच्या हातावर नोटही पडते. पण दशावतारी नटाबद्दल आपलीच म्हण आहे, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. उजाडल्यावर पेटारा डोक्यावर घेऊन तो चालू लागतो, म्हणूनच गाव रात्रभर त्याची स्त्री खपवून घेतं. जी उजाडल्यावरही तशीच राहते तिचं काय झालं, ते माझ्या चुलतभावाच्या ओटीवर मी बघितलंय आणि ते इथे लिहिणार नाही.

तर, शिक्का. इंग्लंडमध्ये 1970 साली कॉर्बेट विरुद्ध कॉर्बेट या खटल्यात ठरलं की माणसाचं लिंग जन्मावेळच्या शरीरावरून कायमचं ठरतं. तो न्यायमूर्ती स्वतः डॉक्टरही होता. पुढची तीस-पस्तीस वर्षं तिथे तोच दंडक चालला. आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा खटला आला तेव्हा न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि सिक्री यांनी कॉर्बेटची कसोटी वाचली आणि बाजूला ठेवली. 15 एप्रिल 2014 चा तो निकाल. शरीराच्या परीक्षेऐवजी माणसाचं मन काय सांगतं ते धरावं, पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवण्याचा हक्क त्याचा स्वतःचा, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा हट्ट धरणं बेकायदा. लंडनच्या बरोबर अकरा वर्षं आणि एक दिवस आधी. पुतण्याला हे मी ग्रुपवर कळवलं, त्याने अंगठा पाठवला.

त्यानंतर संसदेची पाळी आली. 2016 च्या विधेयकातली व्याख्या वाचून अजून अंगावर काटा येतो: जी व्यक्ती पूर्ण स्त्रीही नाही आणि पूर्ण पुरुषही नाही. माणसाची ओळख अपुरेपणाने सांगणारी ही ओळ सरकारी छापखान्यातून बाहेर पडेपर्यंत किती टेबलांवरून गेली असेल! लोक रस्त्यावर उतरले, संसदीय समितीनेही कान उपटले, आणि 2019 च्या कायद्यात व्याख्या बरीच माणसाळली. जन्मावेळी नोंदवलेलं लिंग ज्याच्या खऱ्या ओळखीशी जुळत नाही तो, मग शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो. आणि त्यात किन्नर, हिजडा, अरवानी, जोगता यांचीही नावं घातली. तेव्हाचं कलम 4 म्हणत होतं, स्वतःला जाणवणाऱ्या ओळखीचा हक्क आहे. इथपर्यंत 2014 चा निकाल नीट उतरवून घेतला होता.

पुढच्या तीन कलमांत टेबल आलं. दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे मागायचा. 2020 च्या नियमांप्रमाणे त्यासाठी वैद्यकीय तपासणी लागत नव्हती, प्रतिज्ञापत्र पुरायचं, तीस दिवसांत दाखला मिळायला हवा होता. हे चांगलं होतं. पण त्या दाखल्यावर लिहिलेलं असायचं ‘ट्रान्सजेंडर’. ज्याला किंवा जिला कागदावर नुसतं पुरुष किंवा नुसतं स्त्री व्हायचंय, त्यांना कलम 7 खाली पुन्हा यावं लागायचं, आणि या वेळी रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरचं प्रमाणपत्र घेऊन. तिसरा पर्याय तुमच्या शब्दावर, पहिला आणि दुसरा डॉक्टरच्या. दिल्लीच्या न्यायालयाने जो दरवाजा काढून टाकला होता तो संसदेने एक खोली आत सरकवून बसवला, असं माझं मत आहे.

चुलतभावाच्या त्या मुलीकडे पहिला दाखला आहे. दुसऱ्याचा खर्च तिला परवडत नाही आणि त्याची घाईही नाही. तिने मला स्पष्ट सांगितलं, ‘काका, मला बाई आहे हे कळायला डॉक्टर लागला नाही. पगार जमा व्हायला बँकेत नाव जुळलं पाहिजे, एवढ्यासाठी दाखला.’ तोही पालघर जिल्ह्याचा, कारण ज्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहता तिथेच अर्ज करायचा असा त्या नियमांत दंडक होता. हा नियम लिहिणाऱ्याला चाकरमानी हा प्राणी माहीत नसावा. भाड्याची खोली नालासोपाऱ्यात, घर कोकणात, मतदार यादी कधी इकडे कधी तिकडे. आमच्यातल्या निम्म्यांना ‘तुम्ही राहता कुठे’ याचं सरळ उत्तर देता येत नाही.

खरं संकट आलं ते चुलतभाऊ गेला तेव्हा. वारस नोंद घालायची होती. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वंशावळ, प्रतिज्ञापत्र. वंशावळीत प्रत्येक नावापुढे नातं लिहावं लागतं, मुलगा की मुलगी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. 2019 चा कायदा वारसाहक्काबद्दल एक अक्षर बोलत नाही. उत्तर प्रदेशने 2020 साली आपल्या महसुली कायद्यात तृतीयपंथी वारसाला शेतजमिनीत जागा केली, कारण तिथे शेतजमिनीचा वारसा अजून वेगळ्या नियमांनी चालतो. आपल्याकडे हिंदू वारसा कायदा आहे आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगा-मुलगी सारखे. म्हणजे काहीही लिहिलं तरी हिस्सा तोच, एका कवडीचा फरक नाही. तरीसुद्धा अर्ज अडला. हरकत कोणी घेतली नव्हती. वंशावळीत मुलगा लिहिलं तर आधार जुळत नाही, मुलगी लिहिलं तर शाळेचा दाखला जुळत नाही, आणि कार्यालयातला माणूस सज्जनपणे म्हणत होता की साहेब, मी काय लिहू ते तुम्हीच सांगा.

मी म्हटलं ‘अपत्य’ लिहा. रकान्यात तो पर्याय नव्हता.

शेवटी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात आणि पालघरचा दाखला, असं सगळं जोडलं, वंशावळीत मुलगी लिहिलं, आणि साक्षीदार म्हणून सही करायला भावकीतलं कुणीतरी लागणार होतं. मी होतोच. दुसरी सही वहिनींनी केली, तीही चष्मा लावून, कागद शेवटपर्यंत वाचून. नळपाणी योजनेपासून त्या न वाचता सही करत नाहीत.

लंडनच्या निकालाबद्दल त्यांच्याशी बोलणं झालं ते त्याच वर्षी गणपतीत. सोवळ्यातला स्वयंपाक उरकून त्या पडवीत बसल्या होत्या, मुलगी समोर मोदकांचं सारण नीट झालं की नाही यावर वाद घालत होती. (तिचं म्हणणं गूळ कमी पडला. बरोबर होतं.) मी विषय काढला. वहिनींना निकाल ठाऊक होता, ग्रुपवरची मस्करीही. त्यांनी पुतण्याला त्याच दिवशी फोन करून झाडलं होतं, हे मला तेव्हा कळलं. पण मत विचारलं तर त्या न्यायालयाच्या बाजूने निघाल्या.

‘जमिनीत तिचो हिस्सो आसा, ता माका मान्य,’ त्या म्हणाल्या. ‘घरात ती चेडवासारखी ऱ्हवता, ता पण मान्य. पण राखीव खुर्चेर आमका बसाक किती वर्सां गेली, ती वाट माका ठावक आसा. थय मी कोणाक सुकासुकी जागा देवचंय नाय.’

मुलीने मोदकाच्या पारीवरून मान वर केली नाही. म्हणाली, ‘काकी, मला सरपंच व्हायचंच नाहीये. नालासोपाऱ्याहून ग्रामसभेला कोण येणार?’

‘तुका नको, उद्या दुसऱ्या कोणाक व्हया झाला तर?’

‘तर तिला अर्ज भरू दे. तू समोर उभी राहा.’

वहिनी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, उभी तर मी रवतलंयच, आणि घरोघर फिरान तिका पाडतलंय. मी मधे तोंड घातलं, म्हटलं वहिनी, पाडा की, तो तुमचा हक्क. भादलीला प्रश्न एवढाच होता की छाननीच्या टेबलावर अर्ज फाडायचा की मतपेटीपर्यंत जाऊ द्यायचा. यावर त्यांनी मला विचारलं की त्या भादलीच्या बाईने निवडून आल्यावर पाण्याचं काय केलं. ते मला सांगता आलं नाही. ‘मग आधी ता विचार,’ असं म्हणून त्या मोदक उकडायला आत गेल्या.